39 फूट 11 इंच: बीसीएसला निघालेल्या मुलीला उत्तर

राधानगरी तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: "ताई, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स, 64 टक्के. सीईटीला गणितानं घात केला. कोल्हापुरात बीसीएसला नंबर लागलाय. घरचे म्हणतात वर्षभर थांब, परत सीईटी दे, इंजिनिअरिंगच कर. गणित कच्चं असताना कॉम्प्युटर सायन्स झेपंल का? लॅपटॉप लगेच घ्यावा लागंल का? रोज एसटीनं येऊन-जाऊन जमंल का? आणि एआय आल्यावर ह्या शिक्षणाला काय अर्थ राहिलाय? लय गोंधळलोय."

"गोंधळलोय" वाचलं आणि खात्री पटली, अस्सल आपल्याकडचीच आहेस. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी "आलो", "गेलो" म्हटलं की टीम हसायची. नंतर त्यातल्याच दोघी तसं बोलायला लागल्या. तेव्हा भाषेची काळजी सोड.

माझ्याबद्दल एवढंच, की मीही इथूनच 2001 साली बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी, झाले. नऊ वर्षं पुण्यात काढली, मग परत आले. आता शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि दरवर्षी बीसीएस, बीसीए, बीटेकच्या पोरापोरींच्या मुलाखती घेते. सांगतेय ते त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालेलं मत आहे.

आधी थांबायचं की नाही ते. निव्वळ "इंजिनिअर" हा शब्द नावापुढं लागावा म्हणून वर्ष घालवू नकोस. पण एक गोष्ट घरच्यांपुढं नक्की मांड. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. त्यामुळं कुणी "पैसे भरून बीटेकला घालूया" म्हणत असेल तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेव. सवलत सोडून कर्ज काढण्यात शहाणपण नाही.

दुसरं, बीसीएस म्हणजे दार बंद झालं असं नाही. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर बीटेकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एमसीए आता दोन वर्षांचं आहे. विप्रोसारखी कंपनी बीसीए-बीएस्सीवाल्यांना नोकरी देता देता एमटेक करायची सोय करून देते. उणी बाजूही ऐक. काही जाहिरातींत सरळ "फक्त बीई, बीटेक" लिहिलेलं असतं आणि तिथं तुझा अर्ज उघडलासुद्धा जाणार नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडं 60 टक्के बघतात. तुझी बारावी त्यात बसते, पदवीही बसव. केटी ठेवू नकोस.

घरच्यांशी बोलायला एवढं पुरे. आता मला जे खरं सांगायचंय ते.

पदवी कुठलीही असो, तीन वर्षं एक खरी गोष्ट हातात धर आणि प्रत्येक विषय तिच्यावर घासून बघ. "स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टीम" नको, ती दरवर्षी त्याच झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येते. तुझ्या दारातली गोष्ट घे. तू राधानगरीची, म्हणजे पावसाळ्यात तुमच्याकडं पहिला प्रश्न असतो "धरणाचे दरवाजे उघडले का?", आणि कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो "पंचगंगा किती फुटावर?" राजाराम बंधाऱ्याजवळची नदीची पातळी: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. हे आकडे आपल्याकडं दुसरीतल्या पोरालाही पाठ असतात. ही पातळी वहीत नोंदवायला लाग. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्या वहीत कसा मावतो ते दाखवते.

गेल्या वर्षी मुलाखतीला आलेल्या पोरांना मी एक कागद दिला होता. त्यावर आठ-दहा नोंदी: 39 फूट 2 इंच, 39 फूट 11 इंच, 39 फूट 10 इंच, अशा. म्हटलं, कॉम्प्युटरात साठवा आणि सगळ्यात मोठी पातळी काढा. बहुतेकांनी 39.2, 39.11, 39.10 असं भरलं आणि प्रोग्रॅमनं 39.2 ही सगळ्यात मोठी म्हणून सांगितली. प्रोग्रॅम बरोबर होता. दशांशात 39.11 हे 39.2 पेक्षा लहानच. पण नदी दशांशात चढत नाही. वर 39.10 म्हणजे कॉम्प्युटरला 39.1, म्हणजे दहा इंच आणि एक इंच एकच झाले. पूर आलेला असताना नऊ इंचाची चूक!

उपाय पहिल्या सेमिस्टरचाच आहे. सगळं इंचांत साठव. 39 फूट 11 इंच म्हणजे 39 गुणिले 12 अधिक 11, एकूण 479. इशारा पातळी 468, धोका पातळी 516. दाखवायच्या वेळी 479 ला 12 नं भाग, भागाकार 39, बाकी 11. सी ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं टक्क्याचं चिन्ह बाकी काढायला असतं हे सगळ्यांना पाठ असतं, ते वापरायचं कुठं हे कुणी सांगत नाही. आमच्या फौंड्रीत अशीच एक गंमत झाली होती. हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचा नंबर, 0012 आकडा म्हणून साठवला, पुढची शून्यं गळाली, आणि दोन वेगळ्या हीटचं कास्टिंग एका नोंदीत गेलं. तो नंबर दिसतो आकड्यासारखा, पण त्याची बेरीज कुणी करत नाही. तो आहे नाव. हे ओळखायला शिकणं म्हणजे "डेटा टाइप्स" हा धडा.

गणिताची भीती. सीईटीला जे गणित तुला नडलं ते बहुतेक कलनशास्त्र आणि त्रिकोणमिती असणार. बीसीएसला रोज लागतं ते वेगळं: संच, तर्क, मोजणी, आलेख, संभाव्यता. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. प्रत्येक एक तर उघडा नाही तर बंद. मग एकूण स्थिती किती? दोनाला सात वेळा गुण, 128. उघडा म्हणजे 1, बंद म्हणजे 0, आणि पहिला दरवाजा उजवीकडून पहिला. बातमी आली, "तीन आणि सहा नंबरचे दरवाजे उघडले." लिही 0100100. ही संख्या 36. सातही दरवाज्यांची हकीकत एका आकड्यात मावली. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, तर त्या आकड्यात एक किती आहेत ते मोज आणि 1428 नं गुण: 2856 क्युसेक. बायनरी, बिट, मास्क हे शब्द पुस्तकात आले की तुला तुमचं धरण आठवू दे. आणि बघ, ते दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, विजेची मोटर नाही की माणूस नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणावर "अमुक पातळी झाली तर उघड" ही अट लोखंडात लिहून ठेवलीय. इफ समजायला ह्यापेक्षा भारी उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आता सी. काही ठिकाणी अजूनही निळ्या पडद्याचं टर्बो सी चालतं. 1987 चं ते सॉफ्टवेअर, त्यात इंट, म्हणजे पूर्णांक साठवायचा प्रकार, 16 बिटांचा, म्हणजे 32767 च्या पुढं जात नाही. मी पहिल्या वर्षाला असताना फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम मैत्रिणीच्या जर्नलमधून जसाच्या तसा उतरवला होता. ओरलला एक्स्टर्नलनी 8 टाकायला लावला. पडद्यावर आलं -25216. ते म्हणाले, "बाळ, गुणाकार करून उणे कसं आलं?" मला काही सांगता येईना. घरी आल्यावर कागदावर केलं: 8 चा फॅक्टोरियल 40320, ते 32767 च्या पुढं, म्हणून 65536 वजा होऊन -25216. त्या रात्री मी सी शिकले म्हण.

आजच्या कंपायलरवर हीच चूक जास्त लबाड झालीय. 32 बिटांच्या इंटात 12 पर्यंत उत्तर बरोबर येतं. 13 ला यायला पाहिजे 6227020800, येतं सहसा 1932053504. उणे नाही, काही नाही, दिसायला अगदी सोज्वळ आकडा. चुकीचं उत्तर चुकीचं दिसलं तर आपण नशीबवान. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम आधी कागदावर चालवून बघ, ज्याला आपण ड्राय रन म्हणतो. त्याला लॅपटॉप लागत नाही.

डेटा स्ट्रक्चरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पोरं सॉर्टिंगचे, म्हणजे नोंदी क्रमानं लावायचे, पाच प्रकार तोंडपाठ करून येतात, पण कधी कुठला लागत नाही ते कुणाला सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर दर तासाची नोंद धरलीस तर 122 दिवसांच्या 2928 ओळी. बबल सॉर्टनं साधारण 43 लाख तुलना, कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. तिथं हुशारी दाखवायची गरज नाही. तेच दहा लाख ओळी झाल्या तर बबल सॉर्टला 50,000 कोटी तुलना. सेकंदाला दहा कोटी धरल्या तरी तास-सव्वा तासाच्या पुढं जातं. मर्ज सॉर्टला लागतात दोन कोटींच्या आसपास. आणि लावून ठेवलेल्या दहा लाखांतून एक नोंद शोधायला बायनरी सर्चला फार तर 20 तुलना, कारण दोनाला वीस वेळा गुणलं की दहा लाखांच्या वर जातं. हे आकडे स्वतः काढलेस की बिग ओ, म्हणजे ओळी वाढल्या की काम किती वाढतं ते सांगायची रीत, पाठ करावा लागत नाही.

डेटाबेसला सगळ्यात जास्त वेळ दे. इथल्या नोकऱ्या, साखर कारखाना घे, दूध संघ घे, इचलकरंजीचा यंत्रमाग घे, तळाशी टेबलंच असतात. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही: एक गोष्ट एकाच जागी लिहायची. तुझ्या वहीत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्या येतील, त्यांवरची धरणं आणि बंधारे येतील आणि रोजच्या नोंदी येतील. एका नदीवर अनेक बंधारे, एका बंधाऱ्याच्या अनेक नोंदी. दर ओळीत "राजाराम बंधारा" असं पूर्ण नाव लिहीत बसलीस तर कधीतरी "राजाराम बं." होईल, कधी "राजाराम बंधारा, क. बावडा" होईल, आणि क्वेरीला, म्हणजे टेबलाला विचारलेल्या प्रश्नाला, तीन वेगळे बंधारे दिसतील. नॉर्मलायझेशन म्हणजे हा घोळ व्हायच्या आधीच टेबलं वेगळी करणं. आमच्या वेळी हा धडा व्याख्या लिहून संपला होता. पुण्यात एका ग्राहकाचं नाव सतरा तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं तेव्हा मला तो कळला.

मराठी माध्यमाची असल्याचा इथं तुला फायदाच आहे. पायथन ह्या भाषेत "कोल्हापूर" ह्या शब्दाची लांबी विचार. आपल्याला चार अक्षरं दिसतात: को, ल्हा, पू, र. पायथन म्हणतो 9, कारण क, ओचा काना-मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र असं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, सुटं सुटं असतं. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे ते नंबर फाइलीत साठवायच्या रीतीत, ह्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे फाइलीत 27. शब्द उलटा करायचा प्रोग्रॅम पुस्तकात इंग्रजी शब्दावर असतो आणि चालतो. कोल्हापूरवर चालव, काना-मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात. "बंधाऱ्यावर" मधला तो डोक्यात टोपी घातलेला र तर आणखी खट्याळ. वेगवेगळ्या कीबोर्डवरून तो वेगवेगळ्या संकेतांनी टाइप होतो, दिसतो सारखा, पण तुलना केली की कॉम्प्युटर म्हणतो हे दोन शब्द वेगळे. शोध लागत नाही म्हणून आलेल्या तक्रारींत मी हा र दोनदा पकडलाय. इंग्रजी माध्यमातली पोरं इथं बावचळतात.

इंग्रजीचं मात्र एक काम रोज कर. एरर मेसेज आला की घाबरून खिडकी बंद करायची नाही, पूर्ण वाचायचा. त्यातला लाइन नंबर बघायचा. एका वहीत एरर आणि त्याचं कारण मराठीत लिही. साठ-सत्तर एरर झाल्या की पुढं त्याच त्याच येतात. बोलायचं इंग्रजी नोकरीत गेल्यावर येतं, वाचायचं आत्ता पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क हे विषय लिनक्सवर हात चालवल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत, तेवढंच सांगते. गिट, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, पहिल्या वर्षापासून वापर. लिनस टॉरवाल्ड्सनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी केलं, पण "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशा फोल्डरांतून आपल्याला सोडवण्यासाठीच केलं असं मला वाटतं.

संख्याशास्त्राला पोरं कंटाळतात. तुझ्या वहीत दोन रकाने असतील, दरवाजे कधी उघडले आणि पंचगंगा किती चढली. दोन्ही एकत्र वाढताना दिसतील. मग लगेच "दरवाज्यांमुळं पाणी वाढलं" म्हणशील. पण पाऊस दोन्हीकडं पडत होता ना? कासारी, कुंभीचं पाणी राधानगरीच्या दरवाज्यातून येत नाही. पाऊस वेगळा काढून बघायचा कसा, हा प्रश्न तुला पडला की सांख्यिकीचं पुस्तक आपोआप उघडशील. दर पावसाळ्यात चहाच्या टपरीवर ह्याच प्रश्नावर भांडणं होतात आणि कुणाकडंच आकडे नसतात.

आता एआय. खोटा धीर देत नाही. आम्ही पूर्वी नवीन पोरांकडून जे छोटं-मोठं कोड लिहून घ्यायचो त्यातलं बरंच आता एआय लिहितं, मीही लिहून घेते. पण तो फूट-इंचांचा कागद मी एआयलाही दिला होता, फक्त 39.2, 39.11 असे आकडे टाकून. त्यानं सुबक प्रोग्रॅम दिला आणि 39.2 मोठी म्हणून सांगितली. बंधाऱ्यावरच्या पट्टीवर इंच असतात हे मी सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं. पण सांगायला माणूस लागला, ज्यानं ती पट्टी बघितलीय. म्हणून पहिलं वर्ष प्रोग्रॅम हातानं लिही. अडलीस तर एआयला "उत्तर दे" म्हणू नकोस, "माझं कुठं चुकलं ते विचारून विचारून काढ" म्हण. मुलाखतीत मी पोरांच्या प्रोजेक्टमधली एक ओळ काढते आणि विचारते, ही पुसली तर काय होईल? जे स्वतः लिहितात ते चुकीचं का असेना, पण काहीतरी सांगतात. बाकीचे माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

लॅपटॉप पहिल्या सेमिस्टरला नको. कॉलेजच्या लॅबमध्ये शेवटपर्यंत बस, लॅब अटेंडंटशी गोडीनं वाग. दिवाळीनंतर घ्यायचाच तर वापरलेला चालेल, 8 जीबी रॅम आणि एसएसडी एवढंच बघ. ग्राफिक कार्डाचं कुणी गळ्यात मारायला लागलं तर उठून ये.

येण्या-जाण्याचं. पास काढलास तर खर्च झेपेल, पण रोजचे तीनेक तास एसटीत जातील आणि पावसात रस्ता बंद झाला की प्रॅक्टिकल बुडेल. पहिली परीक्षा होईपर्यंत येऊन-जाऊन बघ, मग वसतिगृहाचं ठरव. राहायला आलीस तर अभ्यासाला करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं. खोलीवर पोरींच्या गप्पांत अभ्यास होत नाही, अनुभवाचे बोल आहेत. विद्यापीठात पुढं एमएस्सी करायला गेलीस तर तिथल्या कमवा आणि शिका योजनेची चौकशी कर.

एसटीत असशील तेव्हा उभ्यानं कोड लिहिता येत नाही, पण वही उघडता येते. आत्ता पावसाळा सुरू आहे. आजच्या पातळीपासून सुरू कर: तारीख, वेळ, फूट, इंच, उघडे दरवाजे. फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत लिही.